कलकत्त्यातील मराठीचा वर्ग: धर्मश्रद्धा आणि भाषाशिक्षण

१. विषयाची मांडणी

अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत आता परकीय भाषा ऐच्छिक विषय म्हणून शिकवतात. विद्यार्थी स्पॅनिश, जर्मन, जपानी यांपैकी एखादी निवडतात. श्रेयांक मिळतात, परदेशी शिक्षणाला किंवा नोकरीला उपयोग होतो, एवढा हेतू पुरेसा समजला जातो. मात्र जगात काही ठिकाणी याच स्पॅनिशच्या वर्गाकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते. अमेरिकेतील ख्रिस्ती महाविद्यालयांत भाषेचे प्राध्यापक विचारतात की, आपल्या श्रद्धेचा आपल्या शिकवण्याशी संबंध काय? डेव्हिड स्मिथ आणि बार्बरा कारव्हिल यांनी २००० साली या प्रश्नावर एक पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: परक्याचे स्वागत करणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे. परकी भाषा शिकणे म्हणजे परक्याच्या घरी चांगला पाहुणा होणे आणि आपल्या घरी चांगला यजमान होणे. म्हणून वर्गात केवळ हॉटेलात जेवण मागवण्याचे संवाद पुरत नाहीत. त्या भाषेतल्या माणसांची सुखदुःखेही वर्गात यायला हवीत.

हा विचार ऐकायला चांगला आहे. तो व्यवहारात कसा उतरतो हे पाहण्यासाठी अमेरिकेत जायची गरज नाही. बेहाल्यापासून फार दूर नसलेल्या डलहौसी चौकात, रायटर्स बिल्डिंगच्या परिसरात, सव्वादोनशे वर्षांपूर्वी एक ख्रिस्ती मिशनरी इंग्रज तरुणांना मराठी शिकवत होता. त्याचे नाव विल्यम केरी. मराठी गद्याच्या छापील इतिहासाचा आरंभ महाराष्ट्रात नव्हे तर बंगालमध्ये झाला, तो याच वर्गाच्या निमित्ताने. या टिपणात आपण हा वर्ग, त्याच्या आधीचा गोव्यातील प्रयत्न आणि नंतरची महाराष्ट्रातील वाटचाल पाहू. श्रद्धेमुळे भाषाशिक्षणाला काय मिळाले आणि कुठे धोका झाला, हा आपला मुख्य प्रश्न आहे.

२. पूर्वपीठिका: गोवा आणि मेक्सिको

केरीच्या आधी सुमारे दोनशे वर्षे थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला (१५७९). साष्टी भागात त्याने आयुष्य घालवले. तेथे बाटलेल्या लोकांची जुनी पुराणे बंद झाली होती आणि त्यांच्या जागी वाचायला काही नव्हते. स्टीफन्सने ओवीछंदात मराठीत ख्रिस्तपुराण रचले. १६१६ साली ते रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आहे. स्थानिक बोलीचे व्याकरणही त्याने लिहिले. त्याच्या मृत्यूनंतर इतर जेझुइटांनी त्यात भर घातली आणि १६४० साली ते रायतूर येथे छापले गेले. आधुनिक भारतीय भाषेचे हे पहिले छापील व्याकरण मानले जाते.

स्टीफन्सचा हेतू धर्मप्रसाराचा होता, याबद्दल शंका नाही. पण तो पुरा करायचा तर लोकांची भाषा, लोकांचा छंद, लोकांचे शब्द शिकण्यावाचून गत्यंतर नव्हते. ख्रिस्ताच्या चरित्रासाठी त्याने ओवी घेतली. येथे शिक्षक आधी विद्यार्थी झाला.

याच गोव्यात पुढे उलटे झाले. १६८४ च्या जून महिन्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की, स्थानिक लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलायला लागावे. धर्म तोच, राज्य तेच. पण लोकांची भाषा शिकण्याऐवजी आता त्यांच्यावर आपली भाषा लादायची असे ठरले.

स्पॅनिशच्या इतिहासातही हेच वळण दिसते. १४९२ साली नेब्रिहाने कास्तिलियन भाषेचे व्याकरण लिहिले. त्यानंतर मेक्सिकोत गेलेल्या फ्रान्सिस्कन भिक्षूंनी नाहुआत्ल ही तिथली भाषा शिकून घेतली. आलोन्सो दे मोलिनाचा मोठा शब्दकोश १५७१ साली छापला गेला. पण १७७० साली राजा तिसऱ्या कार्लोसने फर्मान काढले की अमेरिकेतील आपल्या मुलखात इतर भाषा नाहीशा होऊन फक्त कास्तिलियन चालावी. आज आपण जी स्पॅनिश शिकतो तिच्या पसरण्यामागे हा इतिहास आहे. शिकवणाऱ्याने तो विद्यार्थ्यांपासून लपवू नये.

दोन्ही उदाहरणांवरून एक कसोटी हाती लागते. धर्मश्रद्धेने प्रेरित झालेला भाषाशिक्षक स्वतः दुसऱ्याची भाषा शिकतो का, की फक्त आपली भाषा दुसऱ्याला शिकवतो? आता ही कसोटी घेऊन केरीकडे वळू.

३. फोर्ट विल्यम कॉलेज: मराठी बंगालात का शिकवली गेली?

विल्यम केरीचा जन्म १७६१ साली इंग्लंडात नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये झाला. तो व्यवसायाने चांभार होता आणि पंथाने बॅप्टिस्ट. १७९३ च्या नोव्हेंबरात तो कलकत्त्याला पोहोचला. कंपनी सरकारला तेव्हा आपल्या मुलखात मिशनरी नको होते. त्यामुळे त्याने काही वर्षे उत्तर बंगालात निळीच्या कारखान्यावर काम केले आणि १८०० च्या जानेवारीत तो डॅनिश सत्तेखालच्या श्रीरामपूरला गेला. तेथे जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांच्यासह त्याने मिशन व छापखाना उभारला.

त्याच वर्षी गव्हर्नर जनरल वेलस्लीने कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज काढले. कंपनीच्या तरुण मुलकी नोकरांना इथल्या भाषा, कायदे, इतिहास शिकवावेत हा हेतू. कॉलेजच्या नियमांत ख्रिस्ती धर्मतत्त्वांचा उल्लेख होता आणि चर्च ऑफ इंग्लंडची निष्ठा अपेक्षित होती. १८०१ साली केरीला बंगाली आणि संस्कृतसाठी बोलावण्यात आले. तो बॅप्टिस्ट, म्हणजे सरकारी चर्चबाहेरचा. म्हणून त्याला ‘प्रोफेसर’ नव्हे तर ‘शिक्षक’ म्हणून, दरमहा ५०० रुपयांवर नेमले. प्रोफेसरपद आणि वाढीव वेतन त्याला १८०७ साली मिळाले. हा पगार तो मिशनच्या सामाईक खजिन्यात जमा करीत असे. बंगाली, संस्कृत यांबरोबर लवकरच मराठीही त्याच्याकडे आली.

मराठीच का? १८०२ च्या अखेरीस वसईचा तह झाला आणि १८०३ मध्ये दुसरे इंग्रज-मराठा युद्ध सुरू झाले. त्यात नागपूरकर भोसल्यांनी कटकचा प्रांत गमावला. दरबारी पत्रव्यवहार, तह, वकिलाती, महसूल या सगळ्यासाठी मराठी जाणणारे अधिकारी कंपनीला हवे होते. म्हणजे वर्गाची गरज राज्यकारभाराची होती आणि शिकवणारा मनुष्य मिशनरी होता. या दोन हेतूंची सरमिसळ लक्षात ठेवली पाहिजे.

बंगाली लोकांच्या बाजूने पाहिले तर आणखी एक गोष्ट आहे. १७४२ ते १७५१ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर वारंवार स्वाऱ्या केल्या. कलकत्त्याभोवती तेव्हा ‘मराठा डिच’ नावाचा खंदक खणला गेला. ‘बर्गी’ हा शब्द आजही बंगाली अंगाईत भीतीचा शब्द म्हणून टिकून आहे. अशा शहरात पन्नास-साठ वर्षांनी मराठीची पाठ्यपुस्तके लिहिली जात होती. एरवी भाला घेऊन आलेल्याची भाषा आता पाटीवर आली होती.

४. केरीची पद्धत

श्रीरामपूरहून केरी आठवड्यातले काही दिवस हुगळीतून होडीने कलकत्त्याला येत असे. त्याच्या हाताखाली भाषावार पंडित होते. मराठीचे मुख्य पंडित वैजनाथ शर्मा; ते नागपूरकडचे मानले जातात. केरीने महाराष्ट्र कधी पाहिला नाही. भारतात आल्यापासून १८३४ साली श्रीरामपूरला मृत्यू येईपर्यंत तो बंगालबाहेर स्थायिक झाला नाही. त्याला जी मराठी आली ती पंडितांच्या तोंडून.

या जोडीने तयार केलेली साधने अशी:

मराठी भाषेचे व्याकरण (१८०५). हे इंग्रजीतून लिहिलेले असून त्याला रोजच्या विषयांवरचे संवाद जोडले आहेत. त्याच वर्षी श्रीरामपूरला मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले गेले. पुढे मराठी-इंग्रजी कोश (१८१०) आला. तो मोडी लिपीत छापला होता, कारण दफ्तरी कागद मोडीतच असत. १८११ साली ‘नवा करार’ निघाला. त्यानंतर वैजनाथांनी केलेली भाषांतरे आली: सिंहासन बत्तिशी (१८१४), हितोपदेश (१८१५), आणि १८१६ साली राघोजी भोसल्यांची वंशावळी व राजा प्रतापादित्याचे चरित्र.

या यादीत दोन रांगा स्पष्ट दिसतात. एका रांगेत शुभवर्तमान आणि नवा करार आहेत. ती मिशनची कामे. दुसऱ्या रांगेत व्याकरण, कोश, बत्तिशी, हितोपदेश, वंशावळी आहेत. ती कॉलेजची कामे. केरीने मराठीच्या वर्गाला वाचनासाठी बायबलच दिले असते तर कोणाला फारसे नवल वाटले नसते. पण वर्गासाठी त्याने इथल्याच कथा आणि इथलेच राजे निवडले. सिंहासन बत्तिशीत विक्रमाचा न्याय आहे, हितोपदेशात नीतिकथा आहेत. इथे अधिकारी म्हणून काम करायचे तर इथल्या लोकांना काय योग्य-अयोग्य वाटते ते कळायला हवे, हा त्यातला शहाणपणा.

संवाद जोडण्याची रीत त्याने बंगालीत आधीच वापरली होती. १८०१ सालच्या ‘कथोपकथन’ या बंगाली पुस्तकात बाजारातले, शेतातले, सावकाराच्या दारातले, बायकांच्या भांडणातलेही बोल आहेत. पंडिती भाषेबरोबर साध्या माणसाची भाषा वर्गात आणावी, हा आग्रह त्यात आहे. १८०५ साली श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी आपापसात जो करार केला, त्यात इथल्या लोकांचे पूर्वग्रह वाढतील असे वागू नये आणि त्यांना बरोबरीने वागवावे असे ठरवले होते. चांभाराचा मुलगा नसला तरी स्वतः चांभारकाम केलेल्या माणसाला कोळ्याचे आणि मजुराचे बोलणे ऐकण्यासारखे वाटले, यात त्याच्या पार्श्वभूमीचा आणि श्रद्धेचा, दोन्हींचा वाटा आहे.

५. बेहाल्याचा धागा

वरच्या यादीतील शेवटचे पुस्तक आपल्या परिसराशी जोडलेले आहे. प्रतापादित्य हा जेसोरचा राजा. त्याचे चरित्र रामराम बसू यांनी बंगालीत लिहिले आणि ते १८०१ साली श्रीरामपूरला छापले गेले. बंगाली गद्याच्या पहिल्या छापील पुस्तकांत त्याची गणना होते. बेहाल्यातील बरिशा येथील सावर्ण रायचौधुरी घराण्याच्या परंपरेनुसार त्यांचे मूळपुरुष लक्ष्मीकांत प्रतापादित्याच्या चाकरीत होते आणि त्याच्या पाडावानंतर, १६०८ च्या सुमारास, त्यांना मोगलांकडून जहागीर मिळाली. याच घराण्याने नोव्हेंबर १६९८ मध्ये सुतानुटी, कलकत्ता आणि गोविंदपूर या तीन गावांचा हक्क १,३०० रुपयांना कंपनीला लिहून दिला.

म्हणजे ज्या राजाच्या पडझडीतून बेहाल्याची जहागीर उभी राहिली, त्याची कथा बंगालीतून मराठीत आली, ती कंपनीच्या नोकरांनी मराठी शिकावी म्हणून. आणि त्याच वर्षी बंगालवर स्वाऱ्या करणाऱ्या राघोजी भोसल्यांची वंशावळीही छापली गेली. एका बाकावर दोन प्रांतांचा इतिहास शेजारी बसला.

रामराम बसूंविषयी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. ते केरीचे पहिले भाषाशिक्षक. ख्रिस्ती धर्माविषयी त्यांनी लिहिले, मिशनऱ्यांना मदत केली, पण स्वतः बाप्तिस्मा घेतला नाही. तरी केरीने त्यांना कॉलेजात नोकरी दिली. मुख्य बंगाली पंडित मृत्युंजय विद्यालंकार हेही हिंदूच राहिले. भाषेच्या कामात धर्मांतराची अट नव्हती. श्रद्धा घट्ट असूनही शिक्षकाला हे साधू शकते, याचा हा पुरावा आहे.

बेहाल्यात आजही ऑक्सफर्ड मिशनचे आवार आहे. १८८० साली कलकत्त्यात सुरू झालेल्या या मिशनच्या फादर थिओडोर मॅथिसन यांनी इथल्या गरीब मुलांना व्हायोलिन आणि चेलो शिकवले. शिकवण्याची वस्तू वेगळी, प्रश्न तोच: शिकवणाऱ्याला शिष्य हवा आहे की अनुयायी?

६. कुठे कमी पडले?

केरीच्या कामाचे दोष त्याच्या पद्धतीतूनच आले. पहिला दोष भाषेचा. श्रीरामपूरला एकाच वेळी अनेक भाषांत बायबलची भाषांतरे चालली होती. बंगाली आणि संस्कृत यांच्या आधाराने पंडित मजकूर तयार करीत आणि केरी तपासत असे. त्यामुळे श्रीरामपुरी मराठी पुण्या-मुंबईच्या वाचकाला परकी आणि अवघड वाटली. १८१३ साली मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी ती बाजूला ठेवून नव्याने भाषांतर केले. त्यांचा नवा करार १८२६ साली पुरा छापला गेला. लोकांमध्ये राहून शिकलेली भाषा आणि एका पंडिताकडून शिकलेली भाषा यांतला फरक येथे उघडा पडतो.

दुसरा दोष श्रेयाचा. व्याकरण आणि कोश केरीच्या नावावर आहेत. वैजनाथांशिवाय त्यातले एक पानही उभे राहिले नसते. बरोबरीची भाषा करणाऱ्या मिशनमध्येही मुखपृष्ठावर बरोबरी नव्हती.

तिसरा प्रश्न सत्तेचा. केरीच्या वर्गातील तरुण पुढे जिल्ह्यांवर राज्य करणार होते. त्यांच्यासाठी मराठी हे शासनाचे हत्यार होते. पाहुणा म्हणून शिकलेली भाषा आणि मालक म्हणून शिकलेली भाषा यांचे व्याकरण एकच असते. वापर वेगळा असतो. शिक्षकाची श्रद्धा कितीही निर्मळ असली तरी विद्यार्थी त्या भाषेचे काय करणार आहेत, हा प्रश्न तिने सुटत नाही.

७. पुढची वाटचाल: मोल्सवर्थ आणि रमाबाई

महाराष्ट्रात हे काम पुढे नेणाऱ्या दोन व्यक्तींची तुलना उपयोगी आहे. जेम्स थॉमस मोल्सवर्थ हा लष्करी अधिकारी आणि भाविक ख्रिस्ती. त्याने ब्राह्मण शास्त्र्यांच्या तुकडीसह मराठी-इंग्रजी कोश केला. पहिली आवृत्ती १८३१ ची, वाढवलेली दुसरी १८५७ ची. शिष्टांचे शब्द आणि खेड्यातले शब्द दोन्ही त्यात आले. हा कोश आजही वापरात आहे आणि त्याच्या कर्त्याला मराठी लोकांनी प्रेमाने ‘मोलेसरशास्त्री’ केले. लोकांनी परक्याला आपल्यातले नाव दिले, ही भाषाशिक्षणाची मोठी पावती.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८७८ साली कलकत्त्यातील विद्वानांनी त्यांच्या संस्कृत ज्ञानाची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात संस्कृत शिकवले. त्यांनी पुरुषांना शिकवावे की नाही यावर चर्चमधील वरिष्ठांनी हरकत घेतली, तेव्हा रमाबाईंनी पत्रांतून ठाम उत्तर दिले. ख्रिस्ती झाले म्हणून माझा विवेक मी दुसऱ्याच्या हाती दिलेला नाही, हा त्या उत्तराचा आशय होता. आयुष्याच्या शेवटी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. फार न शिकलेल्या बायकांना वाचता येईल अशी सोपी मराठी त्यांना हवी होती. १९२२ साली त्या वारल्या. संपूर्ण भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. केरीची श्रीरामपुरी मराठी वरून खाली आली होती. रमाबाईंची मराठी वाचणाऱ्या बाईकडे पाहून लिहिली होती.

८. निष्कर्ष

श्रद्धेने भाषाशिक्षणाला तीन गोष्टी दिल्या. एक, चिकाटी: पगारासाठी कोणी एवढे कोश आणि व्याकरणे लिहिली नसती. दोन, साध्या माणसाच्या बोलीकडे लक्ष. तीन, आधी स्वतः शिकण्याची नम्रता, निदान जिथे ती टिकली तिथे. तिने धोकाही निर्माण केला. समोरचा माणूस बदलायचाच आहे असे मनात ठरले की त्याचे ऐकणे कमी होते आणि भाषा केवळ निरोप पोहोचवण्याचे साधन उरते.

हे फक्त ख्रिस्ती शिक्षकाला लागू नाही. भाषेच्या वर्गात नवशिका लहान मुलासारखा असतो. तो चुकतो, अडखळतो, त्याला आपले मत नीट मांडता येत नाही. अशा वेळी शिक्षकाचा धर्म, राजकारण, बाजारनिष्ठा, काहीही त्याच्यावर सहज लादता येते. शिक्षकाने आपली श्रद्धा दाराबाहेर ठेवावी, असे इतिहास सांगत नाही. केरीला आणि रमाबाईंना ते शक्यही नव्हते. विद्यार्थ्याला ‘नाही’ म्हणण्याइतकी भाषा आणि मोकळीक शिक्षकाने द्यावी, एवढे मात्र तो सांगतो. रामराम बसू शेवटपर्यंत बाप्तिस्म्याला नाही म्हणत राहिले आणि तरी कॉलेजात शिकवत राहिले. त्या वर्गाचा खरा कस तिथे लागला.

विचारासाठी प्रश्न

१. १६८४ चा गोव्यातील हुकूम आणि १७७० चे मेक्सिकोविषयीचे फर्मान यांत कोणते साम्य आहे? भाषा शिकणे आणि भाषा लादणे यांतील फरक उदाहरणांनी स्पष्ट करा.

२. केरीने कॉलेजच्या वर्गासाठी हितोपदेश, सिंहासन बत्तिशी यांसारखी पुस्तके का निवडली असावीत? आपले मत कारणांसह मांडा.

३. वैजनाथ शर्मा यांच्यासारख्या सहकाऱ्यांचे श्रेय पाठ्यपुस्तकांत कसे नोंदवायला हवे? आजच्या एखाद्या पाठ्यपुस्तकाशी तुलना करा.

४. तुमच्या महाविद्यालयात शिकवल्या जाणाऱ्या एखाद्या परकीय भाषेचे पाठ्यपुस्तक पाहा. त्यातील संवादांत कोणती माणसे येतात आणि कोणती येत नाहीत?